चालू, बंद

१

संपदाने लॅपटॉप पुन्हा एकदा बंद करून सुरू केला आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली : अनोळखी उपकरण.

"अनोळखी म्हणे," ती स्वतःशी पुटपुटली. "अरे, कारखान्यातून निघाल्यापासून तुझ्यातच बसलंय ते."

पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या शेजारी, मोहरीएवढा काळा ठिपका होता. समोर माणूस आहे की नाही, एवढंच ओळखायचं त्याचं काम. तिचा नवरा विजयेंद्र उठून चहाला गेला की लॅपटॉप आपोआप मिटायचा, परत येऊन बसला की उजळायचा. एका मित्राकरवी हैदराबादहून आणलेलं ते परदेशी मॉडेल होतं आणि विजयेंद्रला त्याचं भारी कौतुक. "बायकोपेक्षा ह्याचं माझ्यावर जास्त लक्ष आहे बघ," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मागच्या वर्षी तो गेला, आणि थोड्या दिवसांत लॅपटॉपची डिस्कही गेली. संपदाने नवी कोरी डिस्क घातली, तिच्यावर लिनक्स ही नवी संगणक-प्रणाली चढवली. बिदरच्या एका पॉलिटेक्निकच्या संगणक प्रयोगशाळेत तिची आजवरची नोकरी अशाच कामांत गेली होती. वाय-फाय लागलं, कीबोर्ड लागला, स्पीकरनं थोडे आढेवेढे घेतले आणि तोही लागला. तो ठिपका तेवढा लागेना. नव्या प्रणालीच्या लेखी तो नव्हताच.

आणि तिला नेमका तोच हवा होता, तिच्या सासूबाईंसाठी.

विजयेंद्र कामासाठी बसवकल्याणला गेला आणि तिथल्या बसस्टँडवर छातीत कळ येऊन गेला, त्याच आठवड्यात नलिनीबाईंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. चालणंफिरणं परत आलं. मराठी मात्र आली नाही. कलबुर्गीच्या कानडी घरातून लग्न होऊन त्या ह्या मराठी घरात आल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांची भाषा एका रात्रीत पुसली गेली आणि तिच्याखाली माहेरची कानडी तशीच शाबूत राहिली. असं होतं कधीकधी, असं डॉक्टर म्हणाले. त्या कानडीत विजयेंद्र मेलेला नव्हता. तो बसवकल्याणला गेला होता.

"इन्नू बरलिल्ल," त्या म्हणायच्या. अजून आला नाही. आणि अनवाणी त्याला बघायला निघायच्या. घराजवळच्या, नौबादच्या मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधे, त्या दोनदा सापडल्या होत्या. दाराला कुलूप लावलं तर रक्त येईपर्यंत त्याच्यावर डोकं आपटायच्या. सोबतीला ठेवलेल्या बायका टिकल्या नाहीत. शेवटी कलबुर्गीहून थोरल्या मुलाचा, प्राणेशचा फोन आला.

"संपदा, इथल्या एका आश्रमात बोलून ठेवलंय मी. माणसं चांगली आहेत. ह्या रविवारी येतो अव्वाला न्यायला."

"जरा थांबा की भाऊजी. माझी रजा आहे अजून. मी काहीतरी करायलेय."

"काय करायलीस?"

"दाराशी मशीन ठेवायलेय. आत्या दाराशी आल्या की माझ्या फोनवर कळतं."

"कळून काय करणारेस? कॉलेजातनं उडत येणारेस का?"

"समोर मल्लम्मा शिलाई करत बसलेली असते दिवसभर. तिला फोन करीन. ती धरून आत नेईल."

प्राणेशने सुस्कारा सोडला. "तिथं नेलं तर ती महिनाभर पण जगायची न्हाई, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण ट्रकाखाली जाण्यापेक्षा… बरं, पुढच्या शनिवारी येतो. तोवर तुझं ते चालू झालं तर बघू."

२

इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने तसल्याच एका दुसऱ्या ठिपक्यासाठी ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे प्रणालीला त्या वस्तूची ओळख करून देणारा मध्यस्थ. संपदाने तो उतरवून घेतला, त्यातला त्या दुसऱ्या ठिपक्याचा क्रमांक खोडला आणि तिथं ह्याचा लिहिला. नाव एकाचं, माणूस दुसरा, असाच प्रकार तो. प्रणालीने थोडी कुरकुर केली आणि मग ती गप्प झाली. संपदाने पडद्यासमोर हात धरला. ठिपक्याचा पडद्यावरचा आकडा बदलला. हात काढला. आकडा परत फिरला.

तिला इतकं बरं वाटलं की ती उठून गॅसवर चहा ठेवायच्या ऐवजी फ्रिजचं दार उघडून उभी राहिली.

पुढचं काम सोपं होतं. दाराच्या आतल्या बाजूला स्टुलावर तिने लॅपटॉप ठेवला. समोर कोणी आलं की तिच्या फोनवर निरोप जाईल. आणि आपण स्वयंपाकघरात असताना कळावं म्हणून तिने यंत्राला बोलायलाही लावलं. कोणी आलं की 'चालू', कोणी नसलं की 'बंद'. प्रयोगशाळेत प्रत्येक चाचणीला ती हेच दोन शब्द वापरायची. दुसरे सुचलेच नाहीत. यंत्राची मराठी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी होती. शब्दाच्या शेवटचा 'अ' कुठं गिळायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे 'बंद' म्हणताना ते 'द'वर जरा रेंगाळायचं.

ती एक पाऊल पुढं गेली. चालू. मागं आली. बंद. पुन्हा पुढं.

"अक्का, कवायत करायलाव का?" समोरच्या ओट्यावरून मल्लम्मा ओरडली. "का मशीनसंगं फुगडी?"

"तूही ये खेळायला."

"नको बाई. माझं हे शिवायचं मशीन बोलत न्हाई तेच बरं हाय. बोललं आस्तं तर शिव्याच दिलं आस्तं."

आतल्या पलंगावर नलिनीबाई उठून बसल्या होत्या. त्या दाराकडे बघत होत्या. हाक ऐकू आल्यावर माणूस कान देतो, तशी त्यांची मान झाली होती. दमल्या असतील, म्हणून संपदाने त्यांना पाणी नेऊन दिलं.

३

सोमवारी ती कामावर गेली. जेवणाच्या सुट्टीच्या आधीच फोन थरथरला : दाराशी कोणी आहे. तिने मल्लम्माला फोन लावला.

"आल्त्या की पायरीवर," मल्लम्मा म्हणाली. "मी उठणार तेवढ्यात गेल्या आत, आपल्या आपण."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मल्लम्माला खुर्चीवरून उठायची वेळच आली नाही. संपदाला हायसं वाटलं, पण संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मल्लम्मा फाटकाशी उभी होती.

"अक्का, पाव्हणे आल्यात का कोन?"

"नाही. कामून?"

"न्हाई, म्हातारी रोज बाहेर येतीय. एक पाय पायरीच्या खाली टाकतीय. मग मागनं कुणीतरी हाक मारल्यावानी वळतीय, हासतीय आन् आत पळतीय. आत गेल्यावर बोलतीय बी. लई येळ."

"स्वतःशीच बोलत असतील."

"सोताशी बोलनाऱ्याला मधी थांबावं लागत न्हाई," मल्लम्मा म्हणाली. "ह्या थांबत्यात. दुसऱ्याचं ऐकून घेतल्यावानी."

संपदा आत आली. यंत्र म्हणालं, चालू. ती पुढं सरकली. बंद. नलिनीबाई पलंगावर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा अनेक महिन्यांत नव्हता इतका स्वच्छ होता. न्हाणीघरात नळाखाली बादली काठोकाठ भरलेली होती. दारावर धुतलेला टॉवेल होता. प्रवासाहून आल्यावर विजयेंद्र आधी अंघोळीला जायचा आणि टॉवेल दारावर नसला तर आतून ओरडायचा.

"आत्या, हे कोणासाठी?" तिने कानडीत विचारलं.

"बंदान," नलिनीबाई म्हणाल्या. आलाय तो. आणि सून एवढी मठ्ठ कशी, असं वाटून त्या हसल्या.

संपदाने घरभर दिवे लावले. नळ सोडणं त्यांना जमतं, तिने मनाशी मांडलं. टॉवेल तर कपाटाच्या खालच्याच कप्प्यात असतो. बोलण्यात मधे थांबणं म्हणजे शब्द न सापडणं, झटक्यानंतर ते होतंच. सगळं जुळत होतं. तरी बादली रिकामी करायला तिचा हात पुढं होईना. पाण्याला हात लावला तर ते कोमट लागेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं. शेवटी तिने पायानेच बादली कलती केली आणि पाणी मोरीत जाऊ दिलं. पाणी थंडच होतं. पण त्या आठवड्यात तिने दाराच्या बाजूला तोंड करून जेवण केलं, पाठ करून नाही.

४

शुक्रवारी सरकारी सुट्टी होती. संपदा भाकऱ्या थापत होती. बाहेरच्या खोलीत अनवाणी पावलं वाजली आणि यंत्र बोललं, "चालू." तिने हातातलं पीठ झटकलं नाही, आवाज केला नाही, फक्त दाराआडून पाहिलं.

नलिनीबाई उंबऱ्यावर होत्या. त्यांनी उंबरा ओलांडला, पायरीवर एक पाय टाकला. आता यंत्रासमोर कोणी नव्हतं.

"बंद," यंत्र म्हणालं, आणि 'द'वर रेंगाळलं.

नलिनीबाई वळल्या. "बंद?" त्यांनी आनंदाने विचारलं, अगदी तोच शब्द, आणि घाईघाईने आत आल्या.

संपदा तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तव्यावरची भाकरी जळली तरी हसण्यापायी तिला उठवेना. हसू आवरलं तेव्हा तिने पिठाच्या हाताने फोन लावला.

"भाऊजी, कानडीत 'बंद' म्हणजे काय हो?"

"म्हणजे आला. तो आला. तुला येत नाही का? का गं?"

"येतं. पण मशीन बोलतं ते मी मराठीतच ऐकायले. आत्या कानडीत ऐकायल्यात. समोर कोणी नाही म्हणून मशीन 'बंद' म्हणायलंय…"

मग प्राणेश इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे ती बाहेर पडली की मागनं मशीन सांगायलंय, अव्वा, आला बघ म्हणून!"

"आणि त्या आत येतात."

"आणि ती आत येते," प्राणेश म्हणाला, आणि त्याचं हसणं मधेच थांबलं. त्यानंतर ऐकू आले ते त्याचे हुंदके. संपदाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

"बदलू का शब्द?" तिने नंतर विचारलं. "खोटंच की एका अर्थानं."

"मशीन कुठं खोटं बोलतंय?" प्राणेश म्हणाला. "राहू दे तसंच. उद्या येतो संध्याकाळी. बघतो. मग ठरवू."

त्या रात्री ती दाराकडे पाठ करून जेवली.

५

शनिवारी शेवटचा तास संपल्यावर संपदाच्या लक्षात आलं, की सकाळपासून फोन एकदाही थरथरलेला नाही. तिने फोनवरूनच घरच्या लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. प्रणालीने पहाटे स्वतःच स्वतःला अद्ययावत केलं होतं. तिचा ड्रायव्हर प्रणालीच्या जुन्या गाभ्यासाठी बांधलेला. नव्या गाभ्याने त्याला दारातच अडवलं होतं. आपोआप होणारं हे काम थांबवायचं ती स्वतःच विसरली होती. पडद्यावर ओळ होती : अनोळखी उपकरण.

म्हणजे ठिपका सकाळपासून आंधळा होता. ठिपका आंधळा, तर यंत्र मुकं. आणि नलिनीबाईंच्या मागून त्यांना परत बोलावणारं कोणी नव्हतं.

मल्लम्मा फोन उचलेना. शिलाईच्या आवाजात तिला तो ऐकू जात नाही, हे ठाऊक असूनही संपदा रिक्षात बसून लावतच राहिली. मोठ्या रस्त्यावर गर्दी दिसली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. गर्दी उसाच्या रसाच्या गाड्याभोवती होती.

"काय वो अक्का, पळत कामून यायलाव?" मल्लम्माने पायाखालचं मशीन थांबवलं.

"आत्या?"

"आत हायत की. मघाशी आल्त्या. पायरी उतरून फाटकापस्तोर गेल्या आज. मी उठतच होते. मग तुमचं मशीन बोललं आन् गेल्या माघारी."

"मशीन बोललं?"

"व्हय. मी हितनं ऐकलं की, बंद म्हणून. आज आवाज लई बरा होता बगा. रोज डब्यात दगड हलवल्यावानी असतंय. आज माणसावानी. दुरुस्त केलाव का?"

संपदाने चपला पायरीवर काढल्या आणि उंबऱ्याशी गेली. लॅपटॉप जागेवर होता. तिने ठिपक्यासमोर हात धरला, थांबली, काढला. यंत्र गप्प होतं. पडद्यावर तीच ओळ. दुसऱ्या घरातला आवाज असेल, तिने मांडायला सुरुवात केली. शेजारच्यांचा टीव्ही. मल्लम्माला सवयीने वाटलं असेल. आत्याही सवयीनेच वळल्या असतील. एकेक गोष्ट मांडता येत होती. त्या एकमेकींच्या शेजारी मात्र बसत नव्हत्या.

मग तिने आत पाहिलं.

खिडकीचा पडदा ओढलेला होता. पलंगावर नलिनीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडी घालून, डोळे अर्धवट मिटलेले. झटक्यानंतर त्यांचा उजवा हात कधी पुरता बरा झाला नव्हता. पेला ओठांपर्यंत नेतानाही तो मधेच खाली यायचा. तो हात आत्ता मांडीवर नव्हता. मांडीपासून वीतभर वर होता. आणि तो उचलून धरलेला नव्हता. तो टेकलेला होता. तळवा किंचित गोलाकार, बोटं सैल, जशी ती एखाद्या डोक्यावरच्या केसांत असावीत. हळूहळू, अगदी थोडा, तो हात वर जाई आणि खाली येई.

संपदाच्या पायाखाली उंबरा करकरला. नलिनीबाईंनी डोळे उघडले आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"मलग्यान," त्या कुजबुजल्या. झोपलाय.

संपदाने मान डोलावली. का डोलावली ते तिला सांगता आलं नसतं. ती आवाज न करता मागं झाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. छातीत धडधड होती, पण ती भीती संपल्यानंतरची. शर्यत संपली तरी पाय काही वेळ पळतच असतात, तशी. समोर मल्लम्माचं मशीन पुन्हा चालू झालं. शाळा सुटलेल्या मुली दोन वेण्या उडवत गेल्या. तिला रडू आलं नाही. ती फक्त बसून राहिली आणि घरातून काही ऐकू येतं का, याकडे तिने कान दिला नाही.

६

दिवेलागणीला प्राणेश आला. हातात कलबुर्गीच्या मिठाईचा डबा, खांद्यावर बॅग.

"बाहेर कामून बसलीस?"

"उकडायलंय आत."

ती दोघं आत गेली. नलिनीबाई पलंगावर होत्या. हात मांडीवर, नेहमीसारखा. त्यांनी प्राणेशकडे पाहिलं, मिठाईच्या डब्याकडे पाहिलं आणि डबा घेतला.

"चालतंय ना मशीन?" प्राणेशने चहा पिताना विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. संपदाने कप खाली ठेवला. "नाही. सकाळपासून ओळखेनाच ते."

"म्हणजे आज दिवसभर अव्वा…"

"घरातच आहेत."

"संपदा, असं नशिबावर सोडून चालतं का? मी रिक्षावाल्याला सकाळी लवकर यायला सांगितलंय. तिचे कपडे—"

नलिनीबाई उठल्या. प्राणेश कप तसाच ठेवून उठू लागला. संपदाने त्याच्या बाहीला धरलं. हे तिने पूर्वी कधी केलं नव्हतं, त्यामुळे तो बसला.

नलिनीबाई स्टुलाजवळून गेल्या. यंत्र काही बोललं नाही. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. बाहेर अंधार पडत होता, मोठ्या रस्त्यावरून दिवे लावलेली एक बस जात होती. त्यांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, जशी कोणी आपल्याशी संबंध नसलेली वस्तू पाहतं. मागून कोणी हाक मारली नाही. तरी त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नाही.

"बागला हाक, संपदा," त्या वळून म्हणाल्या. "गाळि बरतद."

प्राणेश बघत राहिला. "दार लाव म्हणाली?"

"हो. वारा येतोय म्हणून."

"दार लाव म्हणाली," तो पुन्हा म्हणाला, जरा हळू. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग खिशातून फोन काढला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, की सकाळी एकच माणूस असेल, आणि एवढ्या लवकर यायची गरज नाही.

संपदा उठली. तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली. कडीचा मोठा आवाज झाला. नलिनीबाईंनी वळूनही पाहिलं नाही. त्या पलंगावर गेल्या, पाय वर घेतले आणि भिंतीला लागून, अगदी कडेला, आडव्या झाल्या.

"एवढी जागा पडलीय की," प्राणेश म्हणाला. "अवघडून कामून झोपायलीय? सरकवू का तिला मधे?"

"नको भाऊजी," संपदा म्हणाली. "असू दे."

आणि ती पानं घ्यायला आत गेली. तिला सडकून भूक लागली होती.